पोर्ट चौदा

सयाजीगंजात एकाच जिन्यावर तीन क्लास आहेत.
पहिल्या मजल्यावर ‘शंभर टक्के जॉब’,
दुसऱ्यावर ‘आधी जॉब, मग फी’,
तिसऱ्यावर नुसती पाटी, आणि लिफ्ट बंद.

माझं वय सेहेचाळीस. एकोणीस वर्षं मी तारा ओढतोय,
मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून, अलकापुरीतल्या दवाखान्यांतून,
खोट्या छतांच्या वर पोटावर सरपटत,
तोंडात टॉर्च धरून.
आता कंपनीला कागद हवा.
नवे साहेब मोबाइलमधून मान न काढता म्हणाले,
शिर्केभाई, मार्चपर्यंत सर्टिफिकेट आणा,
नाहीतर टेंडरमध्ये तुमचं नाव घालता येत नाही.

नाव घालता येत नाही.
म्हणजे तार मीच ओढणार,
सही दुसऱ्याची.

मैथिलीने रात्री तक्ता करून दिला,
वहीच्या मधल्या जोडपानावर:
फी, तास, लॅब, परीक्षेचे पैसे आत की वेगळे.
परीक्षेचे डॉलरमध्ये.
तिची आई कणीक मळता मळता म्हणाली,
‘डॉलर रोज चढतोय, ठरवायचं तर लवकर ठरवा.’
मग थोड्या वेळाने, ‘आणि नापास झालात तर?’
तो रकाना मैथिलीने आखला नव्हता.

पहिल्या मजल्यावर कृपाबेन. एसी, पाण्याची छोटी बाटली.
‘अंकल, तमारा दीकरा माटे?’
नाही, माझ्यासाठी.
तिने हसू आवरलं, खरंच आवरलं, मी पाहिलं,
आणि हप्त्यांचा कागद माझ्याकडे फिरवला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं, इंग्लिश चालेल ना?
म्हटलं, वाचतो. बोलताना अडखळतो.
म्हणाला, सगळे प्रश्न टिकमार्कचे,
पाठ करून टाका, मागचे सगळे आहेत आमच्याकडे.
आणि आवाज बारीक करून: हेच येतात.
तक्त्यात मी लिहिलं, हेच येतात.
मग खोडलं.

तिसरा मजला चढताना गुडघा बोलला.
डेमो चालू होता. विशीतली अकरा पोरं,
फळ्यावर एक सडपातळ मास्तर रंगांची नावं लिहीत होते,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा,
आणि थबकले.
मांडीवर माझी बोटं पुढे गेली:
निळा, पांढरा-निळा, हिरवा.
बोटांना कुणी विचारलं नव्हतं.

मग मी वर पाहिलं.
छताच्या कडेने जाणारी ती केसिंगपट्टी,
वळणावरचे ते दोन तिरपे टाय,
आणि कोपऱ्यातल्या रॅकवर माझ्या अक्षरातले आकडे,
मराठी, ११, १२, १३.
तेव्हा इथे ट्रॅव्हल कंपनी होती.
दिवाळीच्या आदल्या रात्रीचं काम.
निम्मे पैसे मिळाले, निम्मे अजून येणे आहेत,
आणि चौदा नंबर मी ढिलाच सोडून आलो होतो,
रागाने नाही, क्रिंपरचा दात मोडला होता.
रागानेही, थोडं.

पोरं पांगल्यावर मास्तरांना विचारलं,
चौदा नंबर चालतो का?
ते चमकले. ‘तुम्हाला कसं माहीत?
तिथे आम्ही कुणाला बसवतच नाही.’

फी पहिल्या दोघांच्या मधली. हप्ते नाहीत.
नापास झालात तर वर्गात पुन्हा बसा, फुकट;
परीक्षेचे डॉलर तुमचे तुम्ही.
जॉबचं विचारलं तर म्हणाले,
‘ते मला स्वतःलाच अजून नीट जमलेलं नाही.’

खाली उतरून सेवउसळ खाल्ली, तर्री जास्त घालून.
घरी फोन लावला. मैथिली, तिसरा.
का? लॅब बघितलीत? मशिनं किती?
वीस, म्हटलं. एकोणीस चालू.

सोमवारी पहिला तास.
पिशवीत वही, पेन, जवळचा चष्मा,
आणि नवा क्रिंपर.
जागा मी सांगून ठेवली आहे.